नावाचे वेफर्स, बिननावाचे वेफर्स

साध्या खाऱ्या वेफर्सचं पाकीट उलटं करून मागची घटकांची यादी वाचा. बटाटा, खाद्यतेल, मीठ. संपली यादी. आता कोपऱ्यावरच्या वेफर्सवाल्याकडे चला, जिथे काचेआड ढीग रचलेला असतो आणि पाव किलो मागितले की काट्यावर तोलून साध्या पिशवीत भरून मिळतात. त्याच्याकडेही तेच तीन जिन्नस. चौथा कुणाकडेच नाही.

तरी दोन्हींतला एकेक वेफर हातात घेतला तर फरक लपत नाही. एक कागदासारखा पातळ, फिकट सोनेरी, शेजारच्या वेफरची हुबेहूब नक्कल. दुसरा जरा जाड, फोड आलेला, कडेला तांबूस, वळलेला. एक जिभेवर विरघळतो, दुसऱ्याला दाताखाली जोर लावावा लागतो. ग्रॅमच्या हिशेबाने पाहिलं तर नावाचं पाकीट बहुतेक वेळा महाग पडतं. जिन्नस तेच असताना एवढा फरक येतो कुठून, याचा माग काढत गेलं की वाट आधी शेतात जाते, मग शीतगृहात, मग तापलेल्या तेलात, आणि शेवटी आपल्या कानापर्यंत येऊन पोहोचते.

बटाट्यापासूनच सुरुवात करू. बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं आणि तयार वेफरमध्ये जेमतेम दीड-दोन टक्के. म्हणजे वेफर तळणं हे मुळात पाणी हाकलण्याचं काम आहे. साधारण चार किलो बटाट्यांतून एक किलो वेफर्स निघतात, आणि त्या एक किलोतही तिसरा हिस्सा तेलाचा असतो. त्यामुळे कारखानदार बटाट्याचा आकार किंवा रंग नंतर बघतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, ह्यात पाणी सोडून उरलेला ऐवज किती? तो ऐवज 20 टक्क्यांच्या वर असेल तर बटाटा वेफर्सच्या कामाचा. खाली घसरला की वेफर्स कमी निघतात आणि तेल जास्त पितात.

ही परीक्षा घरीही करता येते. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात घरातले बटाटे एकेक करून सोडा. जो बुडेल तो पिठूळ, भरपूर स्टार्चचा, तळायला चांगला. जो तरंगेल तो पाणचट आणि चिकट, रस्सा भाजीत टाकायला उत्तम. एकाच पिशवीतले काही बटाटे बुडतात आणि काही तरंगतात हे पाहिलं की कळतं, आपण ज्याला सरसकट बटाटा म्हणतो त्यात किती वेगवेगळे जीव असतात. कारखान्यातही याच तत्त्वावर काम चालतं. बटाटे एकदा हवेत तोलतात, एकदा पाण्यात, आणि दोन वजनांतल्या फरकावरून आतला घन भाग किती ते काढतात. आर्किमिडीजची युक्ती अशी वेफर्सच्या कारखान्याच्या दारात रोज कामाला येते.

‘जीव’ हा शब्द मी उगाच वापरला नाही. काढणीनंतरही बटाटा जिवंत असतो, श्वास घेत असतो. त्याला दोन ते चार अंश सेल्सियसच्या थंडीत ठेवलं की तो स्वतःच्या स्टार्चचं रूपांतर साखरेत करू लागतो. खाण्याचे बटाटे महिनोन्‌महिने टिकावेत, त्यांना कोंब फुटू नयेत म्हणून शीतगृहात नेमकी हीच थंडी राखतात. भाजीत ही साखर फारशी जाणवत नाही. तेलात मात्र तिचं पितळ उघडं पडतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी गाठ घेतात आणि चकती तपकिरी, प्रसंगी कडवट होते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामिल मायार यांनी 1912 मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पावाच्या सालीचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंग वास तिच्यातूनच येतो. तीच प्रक्रिया वेफरमध्ये मर्यादेपलीकडे गेली की काळपट डाग पडतात. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अशा तळण्यात अॅक्रिलामाइड नावाचा नकोसा पदार्थही तयार होतो. अॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि साखर 120 अंशांच्या वर एकत्र आली की तो बनतो. म्हणून काळपट वेफर बाजूला काढून ठेवावा, तो नावाच्या पाकिटातला असो की बिननावाच्या. तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, त्याचंही कारण हेच.

मोठ्या कंपन्या यावर काय करतात? त्या बटाटे दहा-बारा अंशांवर ठेवतात. तेवढ्या उबेत साखर होत नाही, पण कोंब फुटतात, मग ते रोखणाऱ्या औषधाची वाफ देतात. साखर झालीच असेल तर बटाटे काही आठवडे वीस अंशांच्या आसपास ठेवतात. तेव्हा बटाटा त्यातली काही साखर श्वासात खर्च करतो आणि काहीचं पुन्हा स्टार्च करून टाकतो. मला या साऱ्या कथेतला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो. बिघडलेला माल दुरुस्त करायला कारखान्याला काहीच करावं लागत नाही. त्याला थोडी ऊब द्यायची आणि वाट बघायची, दुरुस्ती बटाटा स्वतःच करतो.

कोपऱ्यावरच्या वेफर्सवाल्याला ही चैन परवडत नाही. तो मार्केट यार्डातून जो माल चांगला दिसेल तो उचलतो. गुजरात, माळवा आणि उत्तरेतलं पीक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतं तेव्हा त्याचे वेफर्स फिके सोनेरी येतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर शीतगृहातला माल सुरू झाला की ते तांबूस होतात, किंचित गोडसर लागतात. तो तोच, कढई तीच, हातही तोच. बदलतो तो हंगाम. अनेक वर्षं एकाच दुकानातून वेफर्स घेणाऱ्या माणसाला हा बदल जिभेने ठाऊक असतो.

आणि इथे महाराष्ट्राचा नकाशा मध्ये येतो. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार आणि त्याच्या आसपासचा मंचर-खेडचा पट्टा, तसाच साताऱ्याकडचा काही भाग, हा पावसाळी बटाट्याचा मुलूख आहे. बाकीच्या देशात बटाटा बहुतांशी थंडीचं पीक, इथे मात्र जून-जुलैत लागवड होते आणि पाऊस सरता सरता काढणी. म्हणजे देशभर शीतगृहातला जुना बटाटा चालू असतो तेव्हा इथून ताजा निघतो. वेफर्सच्या मोठ्या कंपन्या इथल्या शेतकऱ्यांशी करार करतात ते यासाठीच. वर्षातलं खिंडार बुजवायला त्यांना हा बटाटा हवा असतो.

नावाच्या पाकिटात आपण सर्वांत जास्त पैसे कशाचे मोजतो याचं माझं उत्तर इथे आहे: सारखेपणाचे. मे महिन्यात नागपुरात आणि डिसेंबरात कोल्हापुरात फोडलेलं पाकीट एकसारखं लागावं यासाठी वाण, करार, गोदामाचं तापमान, प्रयोगशाळा आणि यंत्रं यांचा मोठा पसारा राबत असतो. (जाहिरातीचा खर्च आहेच, पण तो नसता तरी हा पसारा स्वस्त नाही.) बिननावाचा वेफर ती किंमत घेत नाही आणि ती हमीही देत नाही. तो हंगाम जसा असेल तसा आपल्या हाती ठेवतो.

वाणांचीही एक गोष्ट आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये कुफरी चिप्सोना-1 आणि चिप्सोना-2 हे वाण दिले, खास तळण्यासाठी घडवलेले, साखर कमी आणि घन भाग जास्त असलेले. सरकारी संस्थेचे वाण, कुणीही लावावेत. कंपन्यांनी मात्र स्वतःचेही वाण राखले. पेप्सिकोचा एफसी-5 त्यातला गाजलेला. परवानगीशिवाय तो लावला म्हणून कंपनीने 2019 मध्ये गुजरातच्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले. चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. पुढे 2021 च्या डिसेंबरात वाण-संरक्षण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली आणि जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

या वादाच्या मुळाशी वाण-संरक्षणाच्या 2001 च्या कायद्याचं एक कलम आहे आणि ते आपल्या विषयाला फार जवळचं आहे. शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंसुद्धा बियाणं राखता येतं, पेरता येतं, वाटता येतं, विकताही येतं. त्याला मनाई फक्त एका गोष्टीची: ते पिशवीत भरून, संरक्षित वाणाचं लेबल लावून विकण्याची. म्हणजे बियाण्याच्या बाबतीत कायद्याने रेघ ओढली ती बटाट्यावर नाही, त्याच्या नावावर.

आता तेलाकडे. कारखान्यात चकत्या आधी धुऊन वरचा स्टार्च काढतात आणि मग त्या वाहत्या तेलाच्या लांबलचक कुंडातून तरंगत पुढे जातात. साधारण 180 अंशांच्या आसपास, तीनेक मिनिटं. पुढे पट्ट्यावरून जाताना कॅमेरा प्रत्येक वेफर पाहतो आणि काळा डाग दिसला की हवेचा बारीक झोत तेवढाच वेफर उडवून बाहेर टाकतो. वेफर धावत असतो आणि निर्णय सेकंदाच्या छोट्याशा अंशात होतो.

कढईत वेगळंच घडतं. गार, ओल्या चकत्यांचा मोठा घाणा एकदम तेलात पडतो आणि तेलाचं तापमान धाडकन उतरतं. मग ते हळूहळू वर चढतं. या उतरण्या-चढण्यात चकती जास्त वेळ तेलात राहते, तिच्यातला स्टार्च फुगून घट्ट बसतो, आणि वेफर कडक, फोडांचा, खणखणीत होतो. झारा फिरवणारा माणूस घड्याळ बघत नाही, तो बुडबुडे बघतो. बुडबुडे म्हणजे चकतीतून बाहेर पडणारी वाफ. त्यांचा आवाज बसला, तेल शांत झालं की पाणी संपलं, वेफर झाला. कॅमेऱ्याने आणि तापमापकाने जे साधलं जातं ते इथे डोळा आणि कान साधतात.

ह्या बुडबुड्यांत अजून एक नवल आहे. वाफ जोराने बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वावच नसतो. मग वेफरमधलं तेल येतं कुठून? ते बहुतांशी तळून झाल्यावर शिरतं. वेफर बाहेर काढला की आतली वाफ गार होऊन आक्रसते, आत पोकळी तयार होते, आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर घेतल्या घेतल्या गरम असतानाच तेल झटकून टाकणारा वेफर्सवाला खरा जाणकार. त्या काही सेकंदांत निथळलेलं तेल पुढे आपल्या पोटात जात नाही.

कढईची रीत स्वस्त आणि यंत्राची महाग, हे समीकरणही सगळीकडे टिकत नाही. अमेरिकेत 1980 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हायॅनिस गावी एका छोट्या दुकानातून ‘केप कॉड’ वेफर्स सुरू झाले. त्यांची ख्याती काय, तर ते घाण्या-घाण्याने कढईत तळलेले. यंत्रावरच्या एकसारख्या वेफर्सची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला तो जाड, वाकडातिकडा वेफर अस्सल वाटला आणि आज तिकडे ‘केटल’ वेफर्स साध्या वेफर्सपेक्षा चढ्या भावात विकले जातात. पुण्याच्या कॅम्पातल्या बुधानींच्या दुकानात किंवा आपल्या गावच्या वेफर्सच्या गाड्यावर जी जात बिननावाची म्हणून तोलून मिळते, तिचीच चुलत भावंडं तिकडे वरच्या फळीवर बसली आहेत.

पाकिटाच्या बाबतीत मात्र मी निःसंकोच नावाच्या बाजूने आहे. तयार वेफरचा शत्रू दमट हवा. ओलावा थोडासा वाढला की तो सादळतो. दुसरा शत्रू प्राणवायू आणि उजेड, त्यांनी तेल खवट होतं. चमकत्या पाकिटाच्या आतल्या बाजूला अॅल्युमिनियमचा थर असतो, माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. एवढ्याशा थराने उजेड अडतो, ओलावा आणि प्राणवायू जवळजवळ थांबतात. आत भरलेला वायू हा साधी हवा नसून नायट्रोजन असतो. त्याने तेल खवट होत नाही आणि धक्क्यांत वेफर्स तुटत नाहीत. ज्या फुगवट्याला आपण ‘नुसती हवा भरलीय’ म्हणून नावं ठेवतो, त्याचं काम असं मोलाचं आहे. पारदर्शक पिशवीतला वेफर त्या दिवशी, फार तर त्या आठवड्यात खावा. ताजा असताना तो कुणालाही मागे टाकेल. कोकणातल्या जुलैत त्याची गत बघवत नाही.

या दोन टोकांच्या मध्येही एक मोठा बाजार आहे. राजकोटच्या अॅस्ट्रॉन सिनेमाच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या चंदुभाई विराणी आणि त्यांच्या भावांनी 1982 मध्ये घरीच वेफर्स तळायला सुरुवात केली. त्यातून ‘बालाजी’ उभं राहिलं. तेवढ्याच पैशांत जास्त वेफर्स, हा त्यांचा डाव. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही टपरीवर ती पाकिटं लोंबताना दिसतात. कालचं स्वस्त आज स्वतःच नाव झालं आहे. उलट दिशेचा प्रवासही झाला. 1992 मध्ये आलेले ‘अंकल चिप्स’ भारतातलं मोठं नाव होतं. 1995 मध्ये ‘लेज’ आले आणि 2000 मध्ये त्यांच्या मालक कंपनीने ‘अंकल चिप्स’ विकत घेतले. टपरीवर शेजारी शेजारी टांगलेली दोन नावं तेव्हापासून एकाच घरची आहेत.

मसाल्याच्या वेफर्समध्ये खेळ आणखी गुंतागुंतीचा होतो. पाकिटावर 627, 631 किंवा दोन्ही मिळून 635 असे आकडे दिसतात. हे चव वाढवणारे पदार्थ. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेटची मांसल, भरदार चव वेगळी ओळखली. पुढे जपानमध्येच अकिरा कुनिनाका यांना दिसलं की या दुसऱ्या पदार्थांची चिमूट ग्लुटामेटसोबत आली की चव बेरजेने नव्हे, कित्येक पटींनी वाढते. टोमॅटो, कांदा, चीज यांच्या भुकटीत ग्लुटामेट असतंच, बाकीचं काम हे आकडे करतात. छोटा वेफर्सवाला काळं मीठ, आमचूर, तिखट आणि थोडी पिठीसाखर यांवर भागवतो. मला विचाराल तर मसाल्यात नावाचं पाकीट सरस, आणि खाऱ्यात कढईतला वेफर. मिठाच्या वेफरला लपायला जागा नसते, तिथे बटाट्याचीच चव लागते.

आता जिभेपलीकडचं. स्टॅनफर्डच्या थॉमस रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या 63 मुलांना एकच खाणं दोन वेष्टनांत दिलं, एक कोरं आणि एक मॅकडोनाल्ड्सचं. मुलांनी नावाच्या वेष्टनातलं जास्त चविष्ट ठरवलं, अगदी गाजरंसुद्धा, जी तिथे विकायलाच नव्हती. इतक्या लहान वयात नाव जिभेवर जाऊन बसतं.

त्याहून मला थक्क करणारा प्रयोग ऑक्सफर्डमधला आहे. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 मध्ये लोकांना मायक्रोफोनसमोर प्रिंगल्स चावायला लावले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातला फक्त तीक्ष्ण भाग वाढवला, की लोक म्हणाले, हा वेफर जास्त कुरकुरीत आहे, ताजा आहे. आवाज दाबला की तोच वेफर त्यांना शिळा वाटला. प्रिंगल्स निवडण्याचं कारणही मजेशीर: ते पिठापासून साच्यात घडवतात, म्हणून सगळे एका आकाराचे. वेफर बदलला नव्हता, जीभ बदलली नव्हती, बदलला होता फक्त आवाज. या कामाला गमतीदार संशोधनासाठीचं 2008 चं इग नोबेल मिळालं, पण खाद्यशास्त्राने ते फार गांभीर्याने घेतलं.

तेव्हा खरी तुलना करायची असेल तर दोन गोष्टी कराव्यात. पहिली सोपी. पाकिटावर आता दर ग्रॅमची किंमत छापणं बंधनकारक आहे. दहा रुपयांचं पाकीट वर्षानुवर्षं दहाचंच राहतं, आतले ग्रॅम कमी-जास्त होत राहतात, म्हणून दुकानात तो बारीक आकडा बघावा आणि सुट्या वेफर्सच्या भावाशी ताडून पाहावा.

दुसरी गोष्ट घरच्या सगळ्यांना जमवून करण्याची. अन्नाची चव तपासणारे तज्ज्ञ तीन नमुन्यांची चाचणी वापरतात. प्रत्येकासमोर तीन वाट्या ठेवायच्या, दोन वाट्यांत एकच वेफर, तिसरीत दुसरा. वेगळी वाटी ओळखायची, एवढंच. नुसता अंदाज बांधला तरी तिघांतला एक बरोबर निघतोच, म्हणून बारा जण खायला बसले तर निदान आठ जणांनी बरोबर ओळखल्याशिवाय फरक खरा मानत नाहीत. वेफर्स आधी मोडून सारखे तुकडे करा, नाहीतर डोळेच उत्तर देतील. दोन्ही पिशव्या त्याच वेळी फोडा, म्हणजे सादळण्याचा प्रश्न येणार नाही. पहिली फेरी अशीच होऊ द्या. दुसऱ्या फेरीला सगळ्यांच्या कानात कापसाचे बोळे घाला, आणि किती जणांची उत्तरं बदलतात ते मोजा.